अवगत करणे की कळविणे?

‘कळविणे’ हे ‘कळणे’चे प्रयोजक रूप. दुसऱ्याला कळेल असे करणे. म्हणजे समोरच्याला कळलेच नाही तर, निदान व्याकरणाने तरी, तुम्ही कळविलेच नाही!

सरकारी पत्रांत हल्ली ह्या साध्या शब्दाऐवजी ‘अवगत करणे’ बरेच दिसते. ‘केलेल्या कार्यवाहीबाबत ह्या कार्यालयास अवगत करावे.’ शब्द संस्कृत आहे, चुकीचा मुळीच नाही. पण मराठीत अवगत होते ती विद्या किंवा कला. हिला पेटी अवगत आहे, असे आपण म्हणतो. अवगत करणारा स्वतः शिकत असतो, दुसऱ्याला सांगत नसतो. हिंदीत मात्र त्याचा अर्थ सरळ माहिती देणे असा आहे, आणि तिकडूनच तो आपल्याकडे आला असावा असे मला वाटते. आपले वऱ्हाड १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात होते, हेही विसरू नये.

कळविण्याचे शब्द राज्याबरोबर बदलत आलेच आहेत. आपले वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. दुसऱ्या शाखेतल्या दुसऱ्या प्रवरसेनाचा पाचव्या शतकातला ताम्रपट अचलपूरजवळ चम्मक येथे सापडला. गाव दान दिल्याचे अधिकाऱ्यांना सांगताना त्यात ‘विदितमस्तु वः’ असे शब्द आहेत. तुम्हांस ठाऊक असो. पुढे फारसीच्या अमलात ‘मालूम’ आले. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तरी ‘मालूम’ काही गेले नाही. विदित आणि मालूम दोन्ही नांदले. मराठेशाहीतल्या पत्रांची आणखी एक गंमत म्हणजे शेवट पाहून पायरी ओळखता येते. हाताखालच्याला ‘जाणिजे’, वरिष्ठाला ‘हे विज्ञापना’. आणि घरच्या पत्रात आपण सगळेच लिहीत होतो, ‘कळावे, लोभ असावा’. त्यात हुकूम नाही, विनंती आहे.

१९६४ च्या राजभाषा अधिनियमाने कारभाराची भाषा मराठी ठरली. ती कळावी हाच हेतू असणार. गेल्या वर्षी ओळखीचे एक शेतकरी माझ्याकडे एक पत्र वाचून घ्यायला आले. ‘त्रुटींबाबत आपणांस यापूर्वीच अवगत करण्यात आलेले आहे.’ ते म्हणाले, ‘‘गुरुजी, मले तं काहीच मालूम नाही.’’ आधीचे पत्र घरात होते, मुलाने वाचलेही होते. पण सातबारा जोडायचा राहिला आहे, अमुक तारखेपर्यंत आणून द्या, एवढे सरळ वाक्य त्यात कुठेच नव्हते. मुदत टळून गेली होती. ‘मालूम’ मात्र त्यांच्या तोंडी अजून शाबूत होते, आणि मला त्याचा अर्थ विचारावा लागला नाही.

नातेवाईक मंडळींपैकी कुणाच्या पेटीत जुनी पत्रे, कबाले असतील तर त्यांत कुठला शब्द आहे तो जरूर पाहा, आणि मला कळवा.