जोडीने ट्रक चालवणाऱ्यांचा हिशेब

आपल्या मंडळातली बरीच घरे मोटारींच्या नाही तर रबर-प्लॅस्टिकच्या धंद्याशी या ना त्या नात्याने जोडलेली आहेत. कारखान्यात एखादा पार्ट कमी पडतो, असेंब्ली लाईन थांबायची वेळ येते, आणि कोणीतरी घाईघाईने फोन करून माल "एक्स्पेडाइट" करायला सांगतो. दुसऱ्या दिवशी माल दारात हजर! तो आणणाऱ्या ट्रकमध्ये बहुधा दोन माणसे असतात, आणि पुष्कळदा ती नवरा-बायको असतात. या दोघांना पैसे कसे मिळतात, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. शिवाय या धंद्याचे मूळ आपल्या ओहायोतलेच आहे.

ॲक्रन शहर टायरचे, तसेच ट्रकचेही. रोडवे ही मोठी ट्रक कंपनी १९३० साली इथेच सुरू झाली. १९४७ साली इथेच रॉबर्ट्स नावाची एक लहान मालवाहू कंपनी निघाली. पुढे 'रॉबर्ट्स एक्स्प्रेस' या नावाने तिने तातडीच्या मालाचा धंदा धरला. १९८४ मध्ये रोडवेच्या मालकांनी ती विकत घेतली, १९९८ मध्ये ती फेडएक्सकडे गेली आणि २००० पासून 'फेडएक्स कस्टम क्रिटिकल' झाली. १९९२ मध्ये जवळच मेडायना इथे पँथर ही दुसरी कंपनी उभी राहिली. (रोडवे पुढे यलो कंपनीत विलीन झाली आणि २०२३ मध्ये यलोही बंद पडली. ज्या रोपट्याला तिने पाणी घातले ते मात्र टिकले.)

हा धंदा १९८० च्या दशकातच का फोफावला? दोन कारणे. १९३५ च्या कायद्याने कोणत्या कंपनीने कोणत्या रस्त्याने कोणता माल कोणत्या दराने न्यायचा हे सरकार ठरवत असे. १ जुलै १९८० रोजी अध्यक्ष कार्टर यांनी नव्या कायद्यावर सही केली आणि ही बंधने सैल झाली. त्याच सुमारास अमेरिकन मोटार कंपन्या जपान्यांकडून 'जस्ट इन टाइम' शिकत होत्या. गोदामात साठा ठेवायचा नाही, माल लागेल तेव्हाच आणायचा. साठा नाही म्हटल्यावर एक ट्रक चुकला तरी लाईन बंद, आणि बंद लाईनचा खर्च मिनिटाला हजारो डॉलर. म्हणजे गोदामाचा खर्च वाचला खरा, पण त्यातला काही भाग रात्री ट्रक चालवणाऱ्याच्या झोपेतून वसूल होऊ लागला, असे मला वाटते.

आता दोन माणसेच का? १९३८ पासून एका ड्रायव्हरला दहा तासांहून जास्त चालवायला बंदी होती. २००४ पासून ही मर्यादा अकरा तासांची झाली, पण त्यानंतर दहा तास विश्रांती सक्तीची. टेक्सासच्या सीमेवरील लरेडोहून डेट्रॉइट सुमारे १६०० मैल. ताशी सरासरी ५५ मैल धरले तर नुसते चालवण्याचेच २९ तास होतात. एकटा माणूस दोन मुक्काम करून ४९ तासांनी पोचेल. जोडी असेल तर एक झोपतो, दुसरा चालवतो, आणि डिझेल भरण्याचे थांबे धरूनही ३१-३२ तासांत माल पोचतो. गिऱ्हाईक जास्तीचे पैसे मोजते ते या सतरा तासांसाठी.

हे सतरा तास कुठून आले? चालत्या ट्रकमधल्या झोपेतून. सरकारी नियमाप्रमाणे ट्रकमधली झोपायची जागा, म्हणजे स्लीपर, कमीत कमी ७५ इंच लांब आणि २४ इंच रुंद असावी लागते. सवा सहा फूट बाय दोन फूट, आपल्याकडच्या रेल्वेच्या बर्थची आठवण व्हावी इतकी. एक्स्पेडाइटवाल्यांच्या ट्रकमध्ये बहुतेक वेळा याहून ऐसपैस सोय असते, पुष्कळांत शेगडी आणि फ्रीजसुद्धा. पण ब्रेकचा धक्का, खड्डा आणि शेजारी बसलेल्याचा रेडिओ यांपासून सुटका कोणत्याच स्लीपरमध्ये नाही.

पैशाची वाटणी समजायला एक काल्पनिक लोड घेऊ. समजा, कंपनीने आपला हिस्सा काढून ट्रकला मैलामागे २ डॉलर दिले. १६०० मैलांचे ३२०० झाले. ट्रक तिसऱ्याच माणसाच्या मालकीचा असेल तर जुनी रीत अशी: चाळीस टक्के ट्रकमालकाला, साठ टक्के चालवणाऱ्या जोडीला, आणि डिझेल जोडीच्या खिशातून. म्हणजे मालकाला १२८०, जोडीला १९२०. गॅलनला दहा मैल धरले तर १६० गॅलन लागतील. १९९९ च्या सुरुवातीला डिझेल गॅलनला सुमारे १ डॉलर होते, म्हणजे खर्च जाऊन १७६० उरले, प्रत्येकी ८८०. जुलै २००८ मध्ये देशातला सरासरी भाव ४.७६ झाला, तेव्हा उरले ११५८, प्रत्येकी ५७९. जून २०२२ मध्ये भाव ५.८१, उरले ९९०, प्रत्येकी ४९५. मालकाचे १२८० तिन्ही वेळा शाबूत! म्हणून टक्केवारीपेक्षा मोठा प्रश्न असतो तो डिझेल कोण भरणार आणि गिऱ्हाइकाकडून मिळणारा फ्यूएल सरचार्ज कोणाला जाणार, हा. दुसऱ्या पद्धतीत मालक डिझेल भरतो आणि जोडीचा टक्का कमी होतो. ऐकायला कमी वाटते, पण झोप बरी लागते. रिकामा ट्रक पुढच्या लोडपर्यंत नेण्याचे मैल यात मी धरलेलेच नाहीत.

१९७९ पासूनच्या नियमांप्रमाणे टक्केवारीवर काम करणाऱ्या ट्रकमालकाला वाहतुकीच्या बिलाची प्रत दाखवणे कंपनीला बंधनकारक आहे. पण हा नियम कंपनी आणि ट्रकमालक यांच्यातला. मालकाने ठेवलेल्या जोडीला त्यातून तोच हक्क मिळत नाही. तिने तो करारात लिहून मागावा लागतो.

आता दोघांमधली वाटणी. मैलांवर वाटली तर सोपे मैल कोणाचे, हा वाद येतो. वायोमिंगच्या बर्फात पहाटे तीनला ३०० मैल आणि इंडियानाच्या सपाट रस्त्यावर दुपारी ३०० मैल हे कागदावर सारखेच. कोणी 'मुख्य ड्रायव्हर' म्हणून जास्त टक्के घेतो, कारण डिस्पॅचरशी बोलणे आणि कागदपत्रे तो सांभाळतो. निम्मे-निम्मे ही रीत सर्वांत टिकाऊ, असे माझे मत, कारण झोपलेला माणूसही काम करत असतो. तो झोपला नाही तर पुढचे अकरा तास चालवणार कोण? जोडी फुटण्याची कारणेही बहुधा याच झोपेभोवती फिरतात. एकजण जोरात ब्रेक मारतो, एकाला थंडी वाजते, एकाला रात्री चालवायचे नसते, एक घरी जायला निघतो तेव्हा दुसऱ्याला लोड हवा असतो. दुसऱ्याच्या चालवण्यावर विश्वास नसेल तर डोळा लागत नाही, आणि डोळा लागला नाही तर त्या ट्रकमध्ये दोन माणसे असून नसल्यासारखी.

स्लीपरमधला वेळ काम आहे की नाही, हा वाद कोर्टातही गेला. १९३८ च्या वेतन कायद्याखालच्या नियमांप्रमाणे चोवीस तासांच्या कामात जास्तीत जास्त आठ तास झोपेचे म्हणून वगळता येतात. मग ट्रकमध्येच अडकलेल्या ड्रायव्हरच्या उरलेल्या तासांचे काय? २०१८ मध्ये अर्कान्सामधल्या एका फेडरल कोर्टाने पॅम ट्रान्सपोर्ट कंपनीच्या खटल्यात त्याचे वेतन द्यावे असे म्हटले, आणि २०२० मध्ये १ कोटी ६५ लाख डॉलरची तडजोड झाली. मधेच २०१९ मध्ये कामगार खात्याने उलट मत दिले. डिसेंबर २०२३ मध्ये बॉस्टनच्या अपील कोर्टाने सीआरएसटी कंपनीच्या प्रकरणात आठ तासांपुढचा स्लीपरमधला वेळ वेतनास पात्र ठरवला. हे निर्णय पगारी नोकरांचे. स्वतःचा ट्रक असणाऱ्या जोडप्याला त्यांचा उपयोग नाही.

जोडीदार कोण, हे कंपनी ठरवते तेव्हा काय होऊ शकते तेही सांगायला हवे. याच सीआरएसटीच्या एका शाखेवर २००७ मध्ये सरकारी समानसंधी आयोगाने अडीचशेहून अधिक स्त्रियांच्या वतीने, प्रशिक्षक आणि सहड्रायव्हर यांच्याकडून झालेल्या छळाचा दावा लावला. बहुतेक दावे निरनिराळ्या कायदेशीर कारणांवरून बाद झाले. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टापुढे जो प्रश्न गेला तो वकिलांच्या फीचा होता! केबिनमध्ये नवऱ्याबरोबर जाणे अनेक बायकांना का बरे वाटते, हे यावरून समजेल.

पण नवरा-बायकोच्या ट्रकमध्ये वेगळा घोटाळा असतो, आणि तो मोटेल, दुकान किंवा घरगुती धंदा चालवणाऱ्या आपल्या घरांतही आहे. मैल दोघांनी मारायचे, पण आयकराच्या फॉर्मवर धंदा एकाच्याच नावावर. मग सोशल सिक्युरिटीत नोंद त्या एकाचीच होते. स्वतःच्या पेन्शनला चाळीस क्रेडिट, म्हणजे साधारण दहा वर्षांचे काम लागते. वीस वर्षे ट्रक चालवलेल्या बाईच्या खात्यावर शून्य असू शकते. नवऱ्याच्या खात्यावरून तिला काही रक्कम मिळते, पण घटस्फोट झालाच तर लग्न किमान दहा वर्षे टिकलेले असावे लागते. २००७ च्या कर कायद्याने यावर वाट काढली आहे. एकत्र रिटर्न भरणारे, धंद्यात दोघेही खरोखर काम करणारे जोडपे उत्पन्न वाटून दोन वेगळे शेड्यूल सी भरू शकते आणि दोघांच्याही खात्यावर क्रेडिट जमा होते. धंदा कंपनी म्हणून नोंदलेला असेल तर ही सवलत मिळत नाही, आणि एलएलसीच्या बाबतीत राज्याराज्यांत फरक पडतो. तेव्हा फॉर्म भरण्याआधी अकाउंटंटला विचारावे, आणि विचारताना दोघांनीही समोर बसावे.