१९९० सालचा हिशेब

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याचे गव्हर्नर आर्नोल्ड श्वार्झनेगर यांनी जून २००५ मध्ये एक आज्ञापत्र काढले. राज्यातून हवेत जाणारे उष्णताधारक वायू २०२० पर्यंत १९९० च्या पातळीवर आणावयाचे, हे त्यातील एक कलम. परंतु काढणारा बदलला की आज्ञापत्र दप्तरात कसे निजते, हे आमच्या वाचकांस निराळे सांगावयास नको. म्हणूनच फ्रॅन पॅव्हली व फाबियान नून्येझ यांचे विधेयक आम्हांस अधिक मोलाचे वाटते. २७ सप्टेंबर २००६ रोजी त्यावर सही झाली आणि ते उद्दिष्ट अधिनियमात आले.

गंमत अशी की, अधिनियमात टनांचा आकडा नव्हता. होते ते केवळ वर्ष. आकडा राज्याच्या हवा-संसाधन मंडळाने १ जानेवारी २००८ पूर्वी ठरवावयाचा होता. सतरा वर्षांपूर्वीच्या धुराचा जमाखर्च! डिसेंबर २००७ मध्ये मंडळाने ४२ कोटी ७० लाख टन हा आकडा मंजूर केला; वायूंच्या उष्णताशक्तीची शास्त्रीय गणना सुधारल्यावर २०१४ मध्ये तो ४३ कोटी १० लाख झाला. परराज्यांतून आणलेल्या विजेचा धूरही आपल्याच खाती मांडण्याचे बंधन अधिनियमात होते. शेजाऱ्याच्या दारात कोळसा जाळून आपले अंगण स्वच्छ दाखविण्याची वाट त्यामुळे बुजली.

खरी कसोटी नोव्हेंबर २०१० मध्ये लागली. राज्यातील बेकारी बारा टक्क्यांवर गेली होती. ती सलग चार तिमाह्या साडेपाच टक्के वा त्याहून खाली राहीपर्यंत अधिनियम स्थगित ठेवावा, असा प्रस्ताव थेट मतदारांपुढे आला. त्यामागे तेलकंपन्यांचा पैसा होता हे खरे; पण काम गेलेल्या माणसाची चिंता खोटी होती, असे आम्ही म्हणणार नाही. अधिनियम मात्र तिच्याविषयी अगदीच बेफिकीर नव्हता : मोठ्या आर्थिक हानीचे संकट ओढवल्यास मुदत एक वर्षापर्यंत लांबविण्याचा अधिकार गव्हर्नरांस त्यातच दिलेला होता. साठ टक्क्यांहून अधिक मतदारांनी स्थगिती नाकारली.

२०१६ चा हिशेब लागला तेव्हा बेरीज ४३ कोटी टनांच्या आत भरली, मुदतीपूर्वी चार वर्षे. त्याच साली २०३० साठी १९९० पेक्षा ४० टक्के घटीचे नवे उद्दिष्ट अधिनियमित झाले, तर २०२२ मध्ये २०४५ साठी ८५ टक्क्यांचे. २०१६ ची ती घट मुख्यतः विजेच्या खाती होती. मोटारींचा धूर त्या वर्षीही वाढलाच.