कापसाच्या जिल्ह्यातली बिनकापसाची गोधडी

आजचा भाग गोधडीवर आहे. खरं तर गोधडी शिवायला बसण्याआधी जे एक काम करावं लागतं, त्यावर. थर एकावर एक पसरायचे आणि ते हलू नयेत म्हणून तात्पुरते अडकवायचे. शिंपी याला कच्चा टाका म्हणतात. पक्की शिलाई झाली की हा दोरा ओढून टाकतात, म्हणून तयार गोधडीत तो दिसत नाही. पण गोधडी सपाट बसणार की मधोमध फुगणार, हे तिथंच ठरतं.

विषय डोक्यात आला तो घरच्या कारणानं. ताईला बाळ झालं आणि आजीनं पेटीतून दोन सुती लुगडी काढली. एक तिचं स्वतःचं, एक तिच्या सासूचं. ‘याची गोधडी कर बाळाले,’ म्हणाली. तिचे डोळे आता सुईला साथ देत नाहीत, म्हणून काम माझ्याकडे आलं. मी दिवसभर कोड लिहिणारा माणूस. पण हे कापड बिघडलं तर दुसरं मिळणार नाही, एवढं कळत होतं. म्हणून आधी पद्धत नीट निवडायची ठरवलं, आणि त्या शोधात आपल्या जिल्ह्याचा इतिहास समोर आला.

यवतमाळ म्हणजे पांढऱ्या सोन्याचा जिल्हा. मग आमच्या गोधडीत कापूस का नसतो? असते ती जुनी लुगडी, धोतरं, चादरी.

थोडं मागे जाऊ. १८५३ मध्ये निजामानं वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे सोपवला. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडावर पडली. १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. त्याआधी बंजाऱ्यांचे बैलांचे तांडे माल वाहायचे. १८७७ मध्ये जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. आपला जिल्हा आधी वणी जिल्हा म्हणून ओळखला जायचा, १९०५ मध्ये त्याला यवतमाळ हे नाव मिळालं. पुढे यवतमाळ ते मूर्तिजापूर ही नॅरोगेज लाइन आली, आपली शकुंतला. ती मुख्यतः कापूस नेण्यासाठीच बांधलेली. म्हणजे सगळी व्यवस्था एकाच दिशेची: कापूस शेतातून बाजारात, बाजारातून बाहेर. घरात परत यायचं ते विकतचं कापड.

दुसरं कारण तांत्रिक आहे. शेतातून वेचलेला कापूस थेट गादीत भरता येत नाही, त्यात सरकी असते. सरकी काढली की जी रुई उरते ती वजनानं साधारण एक तृतीयांश. मग ती पिंजायची. त्यासाठी पिंजारी धनुकली घेऊन दारात यायचा, आणि त्याची मजुरी द्यावी लागायची. याउलट जुनं लुगडं फुकट, मऊ आणि घरातच. रुईची गादी लग्नाकार्याला, पाहुण्यांना. रोजच्या अंगावर गोधडी.

आता मुद्द्यावर येऊ. थर कसे अडकवायचे, हे आत काय आहे त्यावर ठरतं.

आत मोकळी रुई असेल तर कच्चा टाका फारसा कामाचा नाही, रुई दोऱ्याला धरून राहत नाही. म्हणून गादीवाले आधी तीन बाजू शिवलेली खोळ करतात, रुई आत भरतात, काठीनं झोडपून सारखी पसरवतात आणि मग दाभणानं लांब लांब टाके घालतात. तिथं थर जागेवर ठेवायचं काम खोळच करते.

आत जुनी लुगडी असतील तर गोष्ट वेगळी. धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड एकमेकांना धरतं, पण प्रत्येक थर वेगवेगळा ताणला जातो. कडेपासून शिवत आत गेलात तर उरलेलं कापड सरकत सरकत मध्ये जमतं आणि तिथं फुगवटा येतो. म्हणून कच्चा टाका मधून सुरू करून कडेकडे न्यायचा, म्हणजे जास्तीचं कापड बाहेर निघून जातं.

यावर एक भन्नाट तोड शेजारच्या कर्नाटकात आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यातले सिद्दी लोक मूळचे आफ्रिकी वंशाचे. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचे पूर्वज पोर्तुगीज काळात गुलाम म्हणून गोव्यात आणले गेले होते. त्यांच्या बायका ‘कवंदी’ नावाची गोधडी शिवतात. त्या कडेपासूनच सुरुवात करतात, पण वरचा थर आधी पसरतच नाहीत. एकेक तुकडा ठेवायचा, कड दुमडायची, शिवायचं, मग पुढचा तुकडा. अशा फेऱ्या मारत मध्यापर्यंत. जास्तीचं कापड तुकड्याच्या दुमडीतच जिरतं, त्यामुळे वरच्या थराला वेगळा कच्चा टाका लागत नाही. पण हे तुकड्यांच्या गोधडीला जमतं. मला अख्खी लुगडी न कापता ठेवायची होती.

मग नवे उपाय पाहिले. सेफ्टी पिन काही फार नवी नाही, वॉल्टर हंटनं न्यूयॉर्कमध्ये १८४९ मध्ये तिचं पेटंट घेतलं. मशीनवर शिवणाऱ्यांना ती सोयीची, पटापट लागते आणि निघते. पण विरलेल्या लुगड्यात जाड पिनेचं भोक मोठं होत जातं, आणि गोधडी बरेच दिवस पडून राहिली तर गंजाचा डाग पडतो. दुसरा उपाय गोंदाचा स्प्रे. फवारा मारला की काही मिनिटांत काम झालं. मात्र तो दोन थरांमध्ये मारावा लागतो आणि माझे थर आठ. शिवाय गोंद धुऊन पूर्ण निघाला की नाही, हे आतल्या थरात बघता येत नाही. बाळाच्या अंगावर जाणाऱ्या कापडात मला तो नको होता.

उरला दोरा. त्याचं गणित केलं. नऊवारी म्हणजे साधारण ८.२ मीटर. चार पदरी केलं की दोन मीटर लांबीचे चार थर, दोन लुगड्यांचे आठ. पन्हा सव्वा वाराच्या आसपास. वीतभर अंतरावर उभ्या-आडव्या ओळी घातल्या तर सगळा मिळून जेमतेम वीस मीटर दोरा. दोन-अडीच तासांचं काम. चुकलं तर दोरा ओढायचा, कापडाला काही होत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर अन्डू करता येतं. पिनेच्या भोकाचं आणि गोंदाचं तसं नाही.

ओसरीवर लुगडी पसरली, हातानं सुरकुत्या काढल्या, चार कोपऱ्यांवर पाट ठेवले. मी लगेच सुई उचलली तर आजी म्हणाली, ‘काहून घाई करतं रे बापू? आंधी थर बसू दे, मंग टाका घाल.’ अर्धा तास तसंच ठेवलं. कापड खरंच बसतं. दोरा मुद्दाम लाल घेतला, नंतर काढताना दिसावा म्हणून.

तर निवड करायची असेल तर अशी. आत रुई असेल तर खोळ. तुकडे असतील तर कवंदीची रीत. नवं मजबूत कापड आणि मशीन असेल तर पिना. जुनं, परत न मिळणारं कापड असेल तर कच्चा दोरा, मधून कडेकडे.

कापसाचा इतिहास दप्तरात आहे: करार, रेल्वे, गिरण्या, भाव. घरातल्या बायकांनी फाटक्या लुगड्यांचं पांघरूण कसं केलं, हे मात्र कुठल्या दप्तरात शोधणार? ते त्यांच्या हातात आहे. तुमच्या घरी कुणी गोधडी शिवत असेल तर थर कसे अडकवतात, ते विचारा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. गोधडी तयार झाल्यावर विचारलंत तर दाखवायला दोरा उरलेला नसतो. भेटूया पुढच्या भागात.