दोन तोंडवली

मंडळी, आज तोंडवलीत बोलतोय, तर सुरुवात इथूनच करतो. आपल्या सिंधुदुर्गात तोंडवली दोन आहेत. एक ही, मालवण तालुक्यातली, तळाशीलला लागून. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी. दुसरी कणकवली तालुक्यातली, बावशीच्या शेजारची. बोलताना आपण ‘तळाशील-तोंडवली’, ‘तोंडवली-बावशी’ म्हणतो, काम भागतं. पण पाकिटावर नुसतं ‘तोंडवली, सिंधुदुर्ग’ लिहिलं तर?

टपालखात्याला हा घोळ देशभर होता. सारखी नावं, त्यात लिप्या अनेक. श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्यांनी (संस्कृत कवीही होते बरं का!) सहा अंकी पिनकोड घडवला, १५ ऑगस्ट १९७२ ला तो सुरू झाला. मालवण ४१६६०६, कणकवली ४१६६०२. तालुके सुटे झाले. पण एका पिनकोडात गावं कितीतरी असतात, म्हणजे ती गटाची खूण झाली, एका गावाची नव्हे. गावाला स्वतःचा, देशात दुसऱ्या कुणाला नसलेला सहा अंकी क्रमांक २०११ च्या जनगणनेत होता.

वेबपानांत हाच भेद ‘क्लास’ आणि ‘आयडी’ या नावांनी आहे. क्लास अनेकांना चालतो, पिनकोडासारखा. आयडी मात्र एका पानावर एकालाच, असं १९९७ च्या एचटीएमएल ४ ने स्पष्ट सांगितलं. आयडी देऊन पानावरचा घटक मागायची सोय १९९८ च्या ‘डॉम’ प्रमाणात आली. एकाच आयडीचे दोन घटक निघाले तर काय करायचं, हे त्यात ठरवलेलंच नव्हतं! बऱ्याच नंतरच्या प्रमाणानं ठरवलं: पानात जो आधी येईल तो द्यायचा.

आता समजा, एका अर्जात ‘जन्मगाव’ आणि ‘राहतं गाव’ असे दोन रकाने आहेत आणि दोघांचा आयडी ‘गाव’च. आयडीवर लावलेला रंग दोन्ही रकान्यांना लागतो, म्हणून बघणाऱ्याला सगळं ठीक वाटतं. पण ‘राहतं गाव’ या शब्दांवर बोट ठेवलं की कर्सर पहिल्या रकान्यात जातो. आयडीनं एक घटक मागणारा प्रोग्रामही पहिलाच वाचतो. माणूस राहतो तळाशील-तोंडवलीत, नोंद होते जन्मगावाची. चूक झाली असं ब्राउझर बोलतही नाही. आपला पोस्टमन निदान विचारतो, “अहो, खंयची तोंडवली?”