सनद मिळाल्यानंतरची वर्षे

पेशवाईच्या अखेरीपर्यंत महाराष्ट्रात न्यायाधीश होते, पंचायती होत्या आणि भांडणतंट्यांची तर मुळीच वाण नव्हती. परंतु दुसऱ्याचा कज्जा मोल घेऊन चालविणे हा कोणाच्या उदरनिर्वाहाचा स्वतंत्र मार्ग नव्हता. वादी व प्रतिवादी आपापली तकरीर स्वतः सादर करीत, पंचांचा निवाडा मान्य करू असा राजीनामा त्यांच्याकडून आधीच लिहून घेतला जाई, त्यावर जामीन घेतला जाई, आणि निवाडा झाल्यावर जिंकणाऱ्याकडून हरकी व हरणाऱ्याकडून गुन्हेगारी सरकारात जमा होई. रामशास्त्री प्रभुण्यांच्या न्यायासनासमोरही युक्तिवादाची फी घेणारा कोणी उभा राहत नसे. कज्ज्यापासून होणारी प्राप्ती सरकारची असे, आणि तिच्यात वाटेकरी नव्हता.

हा वाटेकरी इंग्रजी अंमलाने निर्माण केला. एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात पंचायतीची पद्धत शक्य तितकी राखावी असेच मत दिले होते; तथापि १८२७ साली त्याच्याच नावाने प्रसिद्ध असलेला कायदेसंग्रह अमलात आला, आणि त्यातील दुसऱ्या रेग्युलेशनात दिवाणी अदालतींच्या रचनेबरोबर वकिलांच्या नेमणुकीचे व वर्तनाचे नियमही घालण्यात आले. कायदा छापील झाला, अपिलाच्या पायऱ्या वाढल्या, मुदतीचा आणि मुद्रांकाचा प्रश्न उपस्थित झाला, आणि ज्या कुणब्याने आपल्या आज्याच्या वेळची हकीकत पंचांपुढे तोंडी सांगितली असती त्याला आता कैफियत लिहिणारा माणूस शोधणे भाग पडले. पुढे १८४६ च्या कायद्याने दोन गोष्टी केल्या: धर्म वा राष्ट्र यांचा विचार न करता योग्य प्रमाणपत्र असलेल्या कोणासही वकिलीचा मार्ग मोकळा केला, आणि फी किती असावी हे अशील व वकील यांनी आपसांत ठरवावे अशी मुभा दिली. या दुसऱ्या कलमाचे महत्त्व इतिहासकारांनी पुरेसे ओळखलेले नाही असे मला वाटते; कारण वकिलीच्या उत्पन्नाला जो अमर्याद आकाशाचा भास पुढे प्राप्त झाला त्याचे मूळ याच कलमात आहे.

मुंबईत सर अर्स्किन पेरी यांच्या सन्मानार्थ न्यायशास्त्राचे अध्यापकपद निर्माण होऊन १८५५ साली एल्फिन्स्टन संस्थेच्या छायेत कायद्याचे वर्ग सुरू झाले. तेच आजच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे मूळ. १८५७ त विद्यापीठ स्थापन झाले, १८६२ च्या ऑगस्टमध्ये सदर दिवाणी अदालत व सुप्रीम कोर्ट यांचे विलीनीकरण होऊन उच्च न्यायालयाचे काम सुरू झाले, आणि १८६६ साली महादेव गोविंद रानडे एलएल.बी. झाले. महाविद्यालय, विद्यापीठ आणि न्यायालय ही तिन्ही अवघ्या सात वर्षांच्या अवधीत उभी राहिल्यामुळे बी. ए. झालेल्या तरुणापुढे निवडीचा जो प्रश्न उभा राहिला तो त्याच्या बापाच्या पिढीस सर्वस्वी अपरिचित होता.

त्या निवडीचा हिशोब आज आपणास वाटतो तितका सरळ नव्हता. एका बाजूस सरकारी नोकरी, जिच्यात वेतन लहान परंतु महिन्याच्या महिन्यास निश्चित. दुसऱ्या बाजूस शिक्षकाचे काम, ज्याची प्रतिष्ठा मोठी आणि प्राप्ती बेताची. फर्ग्युसन महाविद्यालयाच्या आजीव सदस्यास दरमहा ७५ रुपये मिळत, आणि गोपाळ कृष्ण गोखल्यांसारखा बुद्धिमान पुरुष, ज्याने कायद्याच्या अभ्यासासही प्रारंभ करून तो अर्ध्यावर सोडला होता, तेवढ्यावर आपली उमेदीची वर्षे घालवता झाला. बाळ गंगाधर टिळक १८७९ साली एलएल.बी. होऊन दुसऱ्याच वर्षी न्यू इंग्लिश स्कुलात शिकवू लागले, तेव्हा घरच्या माणसांस वाटलेली हळहळ ही केवळ लोभाची नव्हती; हाती आलेली दौलत मुलगा न वटवताच ठेवून देत आहे अशी ती भावना होती. स्वतः रानड्यांनी मात्र कायद्याच्या पदवीचा तिसराच उपयोग केला. १८७१ साली पुण्यास सबजज्ज म्हणून गेलेला हा पुरुष १८९३ त उच्च न्यायालयाच्या न्यायासनावर बसला, आणि तेही काशिनाथ त्र्यंबक तेलंगांच्या अकाली निधनाने रिकाम्या झालेल्या जागी. पदवी घेऊन वकिली न करता न्यायखात्यात शिरावे हा मार्ग मध्यमवर्गास सर्वांत सुरक्षित वाटे, आणि कित्येक कुटुंबांत एलएल.बी.चा अर्थ मुन्सफीची पात्रता एवढाच होता.

जे खरोखर वकिलीस उभे राहिले त्यांना तीन दरवाजे दिसत, आणि त्या तिहींतून आत गेल्यावर लागणारी घरे अगदी भिन्न होती. पहिला दरवाजा उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेचा, म्हणजे मुंबई शहरातील व्यापारी पेढ्यांच्या, गिरण्यांच्या आणि श्रीमंतांच्या वारसाहक्काच्या दाव्यांचा. तेथे पक्षकार वकिलाकडे थेट जाऊ शकत नसे. तो सॉलिसिटरकडे जाई, सॉलिसिटर बॅरिस्टरास ब्रीफ देई, आणि फी रुपयांत न आकारता १५ रुपयांची एक याप्रमाणे मोहरांत आकारली जाई. विलायतेस जाऊन बॅरिस्टरांच्या ‘इन्स’ या संस्थांपैकी एखादीत भोजनसत्रे भरणे ज्यांच्या ऐपतीत होते त्यांचाच हा प्रांत. तरीही अ‍ॅडव्होकेटची अवघड परीक्षा उत्तीर्ण होऊन रानडे १८७१ साली व तेलंग १८७२ साली या दरवाज्याचे अधिकारी झाले, आणि तेलंगांनी तर तेथे नावलौकिक संपादन केला. दुसरा दरवाजा अपील शाखेचा. तेथे मोफसलातून येणारी वतनाची, इनामाची, दत्तकाची आणि खोतीची प्रकरणे चालत, कागदपत्र मोडीत असे, आणि धर्मशास्त्राचे ज्ञान हे शोभेचे नव्हे तर कमाईचे साधन होते. रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिकांनी १८८० साली व्यवहारमयूख व याज्ञवल्क्यस्मृती यांचे जे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले त्याची मुळे या शाखेच्या दैनंदिन गरजांत होती.

तिसरा दरवाजा जिल्ह्याच्या व तालुक्याच्या न्यायालयांचा, आणि संख्येने पाहू जाता मराठी वकिलांचा खरा इतिहास तेथेच घडला. या न्यायालयांचे अन्न बव्हंशी कर्जाच्या दाव्यांवर चाले: सावकाराने खत पुढे करावे, कुळाने गैरहजर राहावे, एकतर्फी हुकूमनामा व्हावा आणि दरखास्तीत जमीन जावी. १८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांत सावकारांची खते जाळली गेली, त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला, आणि त्यात १०० रुपयांपर्यंतच्या कित्येक दाव्यांत वकिलास उभे राहण्यासच मनाई करण्यात आली. वकिलीचे उत्पन्न ज्या कुळाच्या घरातून येते त्याच्या दृष्टीने वकील कसा दिसतो याची ही एक सरकारी कबुलीच होती. जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तो याच काळात. वऱ्हाडात मात्र कापसाच्या पैशाने वेगळेच दृश्य दिसे. अमरावतीचे गणेश श्रीकृष्ण खापर्डे यांनी वकिलीत जे मिळविले आणि ज्या औदार्याने उधळले, त्यावरून लोकांनी त्यांस वऱ्हाडचे नबाब ही पदवी देऊन टाकली. आपला मुलगा वकील व्हावा असे म्हणणाऱ्या हजारो बापांच्या डोळ्यांपुढे खापर्डे असत. त्याच न्यायालयाच्या व्हरांड्यात एखाद्या अशिलाची वाट पाहणारे पाचपन्नास पदवीधर कोणाच्याच डोळ्यांपुढे नसत.

आणि या व्यवसायाच्या प्राप्तीचे मर्म, माझ्या समजुतीप्रमाणे, त्या व्हरांड्यातच आहे. पदवी सर्वांची सारखी, कायद्याची पुस्तके तीच. परंतु सनद मिळाल्यापासून पहिले भरवशाचे काम येईपर्यंतची जी वर्षे असतात त्यांचा खर्च कोणी सोसावयाचा, या एका प्रश्नाने कोण वकील टिकेल आणि कोण कारकुनीत परतेल हे ठरत आले. खर्चास आरंभ सनदेपासूनच होई. १८९९ च्या मुद्रांक कायद्यान्वये उच्च न्यायालयाच्या पटावर अ‍ॅडव्होकेट वा वकील म्हणून नाव चढविण्यास ५०० रुपयांचा मुद्रांक लागे, म्हणजे गोखल्यांच्या साडेसहा महिन्यांच्या पगाराहूनही अधिक रक्कम, आणि तीही एक पैसा मिळविण्यापूर्वी.

मोहनदास गांधी बॅरिस्टर होऊन परतल्यावर मुंबईत काही महिने राहिले, तेव्हाची हकीकत त्यांनी स्वतःच मोकळेपणाने सांगितली आहे. लघुवाद न्यायालयातील ममीबाईच्या कामात त्यांनी ३० रुपये फी घेतली, दलालास वाटा देण्याचे नाकारले, उलटतपासणीस उभे राहिले आणि तोंडातून शब्द न फुटल्यामुळे काम दुसऱ्याकडे सोपवून खाली बसले. त्या दुसऱ्यास ५१ रुपये मिळाले. मग त्यांनी एका शाळेत रोज एक तास इंग्रजी शिकविण्याच्या ७५ रुपयांच्या जागेसाठी अर्ज केला, तोही ते पदवीधर नसल्यामुळे फेटाळला गेला. बॅरिस्टरीची सनद होती आणि शिक्षकाच्या पगाराची पात्रता नव्हती, असा हा चमत्कारिक प्रसंग. गांधींस राजकोटास परतण्याजोगे घर तरी होते. १९२३ साली भीमराव आंबेडकर ग्रेज् इनचे बॅरिस्टर असूनही त्यांस सनदेच्या खर्चासाठी नवल भथेना या मित्राकडे हात पसरावा लागला, आणि सनद मिळाल्यावर सॉलिसिटरांच्या कचेऱ्यांतून ब्रीफ मिळण्यास त्यांची जात आड आली. मोहरांचा दरवाजा त्यांच्यासाठी कायद्याने उघडा आणि व्यवहाराने बंद होता. अपील शाखेतील व जिल्ह्यांतील कामांवर त्यांस भर द्यावा लागला.

या प्रतीक्षेच्या वर्षांतून एक गमतीची परंपरा निर्माण झाली, ती अशी की कायद्याच्या पदवीवर मिळणारे पहिले खात्रीचे उत्पन्न पुष्कळदा कायदा शिकविण्याचेच असे. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा राजीनामा दिल्यावर, ‘केसरी’ कर्जात असताना, टिळकांनी पुण्यात लॉ क्लास चालवून प्लीडरच्या परीक्षेचे विद्यार्थी तयार केले. साताऱ्यास वकिली करणारे नरसिंह चिंतामण केळकर १८९६ साली पुण्यास आले त्यात या वर्गाच्या कामाचाही भाग होता. पांडुरंग वामन काणे यांनी सरकारी शाळेतील नोकरी सोडून १९११ साली उच्च न्यायालयात वकिली सुरू केली, काही वर्षे विधी महाविद्यालयात अध्यापन केले, आणि पुढे ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ या ग्रंथाचे पाच खंड १९३० ते १९६२ या काळात पुरे केले. आंबेडकरांनी बाटलीबॉयच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकविला, १९३५ साली ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, आणि १९३६ त त्यांनी मुंबई इलाख्यातील कायदेशिक्षणाच्या सुधारणेवर लेख लिहिला. पुण्यात १९२३ साली इंडियन लॉ सोसायटी स्थापन होऊन पुढल्याच वर्षी जगन्नाथ रघुनाथ घारपुरे यांच्या प्राचार्यत्वाखाली महाविद्यालय उघडले, आणि मुंबईस बिऱ्हाड करण्याची ज्यांची ऐपत नव्हती अशा देशावरच्या मुलांच्या खर्चाचा एक मोठा आकडा त्यामुळे वजा झाला. स्त्रियांचा हिशोब आणखी निराळा होता: नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींनी १८९७ साली मुंबईची एलएल.बी. पदवी घेतली, परंतु स्त्रियांस वकिलीचा हक्क कायद्याने मिळाला तो १९२३ साली.

स्वातंत्र्योत्तर काळात दरवाजे एक झाले. १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टाने बॅरिस्टर, वकील, प्लीडर हे भेद मिटविले, आणि १९७६ च्या दुरुस्तीने मुंबईच्या मूळ शाखेतील सॉलिसिटरची अनिवार्य मध्यस्थीही संपविली. पूर्वी पदवीनंतर, आणि पुष्कळदा कचेरीतील नोकरी सांभाळून करावयाचा हा अभ्यास बारावीनंतरच्या पाच वर्षांचाही होऊ लागला. १९८७ साली बंगळूरला स्थापन झालेल्या राष्ट्रीय विधी विद्यालयाच्या धर्तीवर पुढे मुंबई, नागपूर व औरंगाबाद येथेही विद्यापीठे निघाली, आणि त्यांतील निवडक विद्यार्थ्यांस मोठ्या विधी-पेढ्या पदवीपूर्वीच पगारावर नेऊ लागल्या. वकिलीत पगार हा प्रकार टिळकांच्या पिढीस विनोदी वाटला असता. परंतु ज्यांस पेढी नेत नाही, ते अजूनही एखाद्या ज्येष्ठाच्या कार्यालयात तारखा लिहीत व दाखले शोधीत बसतात, आणि त्यांच्या घरचे खर्च कोणी तरी दुसराच चालवितो.

सनदेच्या किमतीचा प्रश्न तर अगदी अलीकडे, ३० जुलै २०२४ रोजी, सर्वोच्च न्यायालयासमोर निकालात निघाला: राज्यांच्या बार कौन्सिलांनी कायद्यात लिहिलेल्या ७५० रुपयांहून, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांकडून १२५ रुपयांहून, अधिक नोंदणी-शुल्क घेऊ नये असे न्यायालयाने ठरविले; तोपर्यंत कित्येक कौन्सिले निरनिराळ्या सबबींखाली त्याच्या अनेक पट रक्कम घेत होती. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात भारतीय बार कौन्सिलने परिपत्रक काढून कनिष्ठ वकिलांस शहरी भागात दरमहा किमान २०,००० व ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावे असे सुचविले. ती शिफारस आहे, बंधन नव्हे. आणि तालुक्याच्या ज्या न्यायालयात ज्येष्ठाच्याच महिन्याच्या प्राप्तीचा भरवसा नाही, तेथे हे पंधरा हजार कोणाच्या खिशातून यावेत याविषयी परिपत्रकात काही सांगितलेले नाही.