गव्हाचे वाण : भरघोस उतारा, कसदार दाणा

बजाजनगरातील किराणा दुकानांत 'लोकवन' म्हणून मागितला जाणारा गहू म्हणजे गुजरातेतील सणोसरा येथील लोकभारती संस्थेत विकसित झालेला 'लोक-१' हा वाण. महाराष्ट्रात गव्हाच्या तीन प्रजाती पिकतात. पोळीसाठी सरबती, रवा-शेवयांसाठी बन्सी आणि दाण्याला टरफल घट्ट चिकटलेला खपली. सरबतीत ४२, तर अन्य दोहोंत २८ गुणसूत्रे असतात.

हे वैविध्य म्हणजे नव्या वाणांचे भांडवल होय. सर्वत्र एकाच धाटणीचे वाण पेरले गेल्यास तांबेऱ्याचा एखादा नवा प्रकार सारेच पीक धोक्यात आणू शकतो. युगांडात १९९० च्या दशकाअखेरीस आढळलेल्या 'यूजी ९९' या तांबेऱ्याने जगभर चिंता निर्माण केली. त्याला प्रतिकार करणारे 'एसआर १३' हे जनुक संकरातून आले ते खपलीतूनच.

उतारा आणि कस यांची सांगडही घालता येते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या 'एमएसीएस ६४७८' या सरबती वाणात १४ टक्के प्रथिने आहेत. सातारा जिल्ह्यातील करंजखोप येथे त्याचे हेक्टरी ४५ ते ६० क्विंटल उत्पादन मिळाल्याचे २०२१ मध्ये जाहीर झाले. तेथे जुने वाण २५ ते ३० क्विंटल देत. याच संस्थेच्या 'एमएसीएस ४०२८' या बन्सी वाणात १४.७ टक्के प्रथिने आहेत. तो कोरडवाहू शेतीसाठी असून त्याचे सरासरी उत्पादन हेक्टरी १९.३ क्विंटल आहे.

म्हणूनच कमी उताऱ्याचे जुने वाण टाकाऊ ठरत नाहीत. ते नामशेष झाल्यास त्यांतील जनुकेही कायमची हरपतील.