काडीमोड ते घटस्फोट : जालना परिसरातील विवाहविच्छेद आणि कुटुंबाची बदलती घडण

मराठवाड्यातील कुटुंबसंस्थेचा विचार करताना घटस्फोट ही पाश्चात्त्य शिक्षण, शहरी राहणी आणि 1955 चा हिंदू विवाह कायदा ह्यांच्याबरोबर आलेली नवी गोष्ट होय, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. ह्या गृहीतानुसार पूर्वीचे कुटुंब एकत्र व अभंग होते आणि आजचे विस्कळित होत आहे. जालना परिसराच्या बोलीत रुजलेले शब्द मात्र ह्या समजुतीस दुजोरा देत नाहीत. काडीमोड, सोडचिठ्ठी, फारकत, पाट, म्होतूर हे शब्द जेथे पिढ्यान्पिढ्या वापरात होते, तेथे विवाह मोडण्याची व पुन्हा जोडण्याची रीतही होती, हे उघड आहे. मग ही रीत असताना घटस्फोट हा शब्द लज्जेचा का झाला, आणि त्यामुळे कोणाचे काय गेले, हा खरा प्रश्न होय.

प्रथम शब्दांचाच विचार करू. काडीमोड ह्या शब्दात एक दृश्य कृती आहे : पंचांसमक्ष काडी मोडावयाची आणि संबंध तुटल्याचे सर्वांस दाखवावयाचे. सोडचिठ्ठी हा ह्या कृतीचा लेखी पुरावा. फारकत हा शब्द अरबी-फारसी 'फारिग-खत्ती'वरून आला असून त्याचा मूळ अर्थ देणे फिटल्याची पावती असा आहे. सावकारी व्यवहारातील मुक्ततेची संज्ञा विवाहास लागू झाली. एकोणिसाव्या शतकातील मोल्सवर्थच्या कोशात हे शब्द नोंदलेले आहेत. घटस्फोटाची जातकुळी अगदी वेगळी आहे. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पतितास वाळीत टाकण्याचा विधी सांगितला आहे : जिवंत माणसास मृतवत् मानून आप्तांनी त्याची उदकक्रिया करावयाची आणि दासीने पाण्याने भरलेला घट पायाने उलथवावयाचा. ह्या विधीस धर्मशास्त्रात घटस्फोट म्हणतात. बहिष्काराचा हा शब्द पुढे विवाहविच्छेदाच्या अर्थी रूढ झाला. काडी मोडल्यावर दोन माणसे मोकळी होतात. घट उलथल्यावर एक माणूस समाजाबाहेर जातो. शब्द बदलला तेव्हा अर्थाची ही छायाही त्याच्याबरोबर आली.

रीतीचे पुरावे केवळ शब्दांपुरते मर्यादित नाहीत. आर्थर स्टील ह्याने 1827 मध्ये मुंबई इलाख्याच्या दख्खन प्रांतातील जातींचे कायदे व रूढी संकलित केल्या. तीत पाट व सोडचिठ्ठी ह्यांची नोंद आहे. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होते. त्या राज्यातील जाती-जमातींवर सय्यद सिराज-उल-हसन ह्यांनी 1920 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातही अनेक शेतकरी, पशुपालक, कारागीर आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींत विधवांचा पुनर्विवाह व विवाहविच्छेद मान्य असल्याचे दिसते. ब्राह्मण आणि कुळाचा अभिमान बाळगणारी मराठा घराणी पाट निषिद्ध मानीत. म्हणजे विवाहाचे अतूटपण हा वरच्या थरातील अल्पसंख्यांचा नियम होता.

तथापि ह्या रूढीचे उदात्तीकरण करणेही योग्य नव्हे. पाट हा लग्नाहून कमी दर्जाचा मानला जाई. नव्या पतीने पहिल्या पतीस खर्च भरून द्यावयाचा, पंचांनी दंड घ्यावयाचा, मुले बहुधा बापाकडे राहावयाची, असा व्यवहार होता. पुरुषास पहिली पत्नी असताना दुसरी करण्यास आडकाठी नव्हती. स्त्रीस समानता नव्हती, परंतु एका घरातून दुसऱ्या घरात जाण्याची वाट होती आणि त्या वाटेस जातीची मान्यता होती.

ही वाट अरुंद होण्याची कारणे दोन दिशांनी आली. पहिले कारण न्यायसंस्थेचे. मुंबई उच्च न्यायालयाने 1876 मध्ये शंभू रघू खटल्यात असा निर्णय दिला की, विवाह रद्द ठरविण्याचा अथवा स्त्रीस पुनर्विवाहाची अनुज्ञा देण्याचा जातीचा अधिकार न्यायालये मानणार नाहीत. त्याच मुंबई प्रांतात 1947 साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला. ह्यांपैकी काहीही निजामाच्या राज्यास लागू नव्हते. ते राज्य सप्टेंबर 1948 मध्ये भारतात विलीन झाले. 18 मे 1955 रोजी हिंदू विवाह कायदा अमलात आला, तेव्हा जालना अद्याप हैदराबाद राज्यातच होते. ह्या कायद्याच्या कलम 13 ने न्यायालयीन घटस्फोटाचा हक्क दिला आणि कलम 29 च्या दुसऱ्या पोटकलमाने रूढीने चालत आलेला विवाहविच्छेदाचा हक्क अबाधित ठेवला. कागदोपत्री काडीमोड जिवंत राहिली. परंतु अशी रूढी पक्षकाराने स्पष्टपणे मांडून पुराव्याने सिद्ध केली पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2002 मधील एका निर्णयात सांगितले. पंचांच्या तोंडी निर्णयावर विसंबून दुसरा संसार मांडणाऱ्या स्त्रीस हा पुरावा कोठून आणावयाचा? पहिला विवाह मोडल्याचे सिद्ध न झाल्यास दुसरा विवाह शून्यवत् ठरतो आणि पोटगीचा हक्कही संकटात येतो.

दुसरे कारण प्रतिष्ठेचे. एम. एन. श्रीनिवास ह्यांनी 1952 मध्ये मांडलेल्या संस्कृतीकरणाच्या कल्पनेचा येथे उपयोग होतो. वरचा दर्जा सांगू पाहणाऱ्या जाती वरच्यांचे नियम स्वीकारतात. त्यात पुनर्विवाह सोडणे आणि देज टाकून हुंडा स्वीकारणे ह्या दोन गोष्टी प्रमुख असतात. देज असता वराकडील पैसा वधूकडे येई आणि विच्छेदाच्या वेळी तो परत करता येई. हुंड्यात वधूपित्याचा पैसा एकदा गेला की गेला. दुसऱ्या लग्नासाठी पुन्हा तेवढाच उभा करावा लागतो. त्यामुळे लेकीस परत आणणे पूर्वीपेक्षा महाग झाले. असा उलटा प्रवास अन्यत्रही आढळतो. विल्यम गूड ह्यांनी 1963 च्या आपल्या ग्रंथात दाखविले आहे की, मेजी काळाच्या आरंभी जपानमध्ये घटस्फोटाचे प्रमाण फार मोठे होते आणि आधुनिकतेच्या वाटचालीत ते कमी झाले. आधुनिकता म्हणजे घटस्फोटाची वाढ, हे समीकरण सार्वत्रिक नाही.

कुटुंबाची आर्थिक घडणही ह्याच काळात पालटली. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा ह्या तालुक्यांतून ऊसतोडीस जाणाऱ्या मजुरांत पतिपत्नींच्या जोडीस 'कोयता' म्हणतात. मुकादम उचल देतो ती जोडीस. एकट्या माणसास 'अर्धा कोयता' म्हणतात. येथे एकत्र कुटुंब हंगामापुरते विभागते : वृद्ध माणसे गावी आणि जोडपे फडात. अशा स्थितीत विवाह मोडणे म्हणजे श्रमाचा घटक मोडणे व उचलीचा बोजा एकट्यावर येणे होय. विवाह टिकण्यामागे केवळ धर्मभावना वा प्रेम नसून कर्जही असते, हे ह्या व्यवहारावरून कळते.

परिणामी विवाह न मोडता संसार मोडण्याचे प्रसंग येतात. 2011 च्या जनगणनेत घटस्फोटित आणि विभक्त ह्यांची पृथक् नोंद झाली. भारतात घटस्फोटित व्यक्ती सुमारे 13.6 लाख आढळल्या. विभक्तांची संख्या त्यांच्या अडीचपटीहून अधिक होती. दोन्ही गटांत स्त्रिया पुरुषांहून अधिक आहेत. ह्या विभक्त स्त्रीस बोलीत 'टाकलेली' म्हणतात. व्याकरणदृष्ट्या ह्या शब्दात स्त्री कर्म आहे. कर्ता पुरुष, आणि तोही अध्याहृत. 'नांदणे' ह्या क्रियापदाचे कर्तेपण तिच्याकडे असते, पण 'नांदविणे' हे पतीच्या हाती. न्यायालयात घटस्फोट 'मिळतो', म्हणजे तेथे दाता तिसराच. काडीमोड मात्र घेताही येई आणि देताही येई.

म्हणून कुटुंबविषयक अभ्यासात न्यायालयातील निकालपत्रांची मोजदाद करून जालन्यासारख्या जिल्ह्यातील विवाह स्थिर आहेत की डळमळीत, हे ठरविता येणार नाही. 'आपण घटस्फोटित आहात काय?' ह्या प्रश्नास टाकलेली स्त्री 'नाही' असेच उत्तर देईल, आणि ते उत्तर खरेही असेल. तिच्या कपाळी कुंकू आहे, शिधापत्रिकेवर नाव बहुधा सासरचे आहे, आणि ती राहते माहेरी. पंचांची वाट बंद झाली, न्यायालयाची तिच्यापर्यंत पोहोचली नाही. प्रश्नावली सिद्ध करणाऱ्याने तिला प्रथम विचारावे ते हे की, ती किती वर्षांपासून नांदत नाही.